नऊ फुटी लिबरेटर

८ नोव्हेंबर १९७३, गुरुवार

पडलं! चार महिन्यांत रेडिओवर उडवायचं हे तिसरं मॉडेल. अंतरवालीला भुजंगच्या पडीक रानात एकच बाभूळ आहे, आणि नेमकी तीच गाठली!

भुजंगला सांगितलं, रेडिओ बिघडला. माझ्या कंडक्टरला, कचरूला सांगितलं, वारा फिरला. घरी बायकोला, बेबीनंदाला सांगितलं, काही झालं न्हाई. तिनं पिशवीतले तुकडे बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि भाकरी थापायला लागली.

खरं काय ते इथं लिहितो. रेडिओ ठणठणीत आहे. वारा नव्हताच. विमान लांब गेलं की त्याचं तोंड कुठं न शेपूट कुठं, मला कळत न्हाई. नुसता ठिपका. येऊन राह्यलं का जाऊन राह्यलं? अंदाजानं हातातल्या डब्यावरची काडी दाबतो. आज अंदाज हुकला.

विमान गेलं चुलीत. पण मी एस.टी.चा ड्रायव्हर आहे. रोज पन्नास माणसं माझ्या पाठीमागं बसतात.

१० नोव्हेंबर

संध्याकाळची कुंभार पिंपळगावची गाडी. समोर बैलगाडी होती. मला दिसलीच न्हाई! अगदी चाकाला टेकायला आल्यावर ब्रेक मारला. एका बाईची दुधाची बरणी सांडली, तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कचरू घंटी सोडून खाली उतरला आणि गाडीवानावरच चढला – "कंदील कामून न्हाई लावला रे?"

बिचाऱ्या गाडीवानानं नुसतं आभाळाकडं बोट दाखवलं. उजेड होता अजून. कंदील कशाला लावेल तो?

रात्री जेवण गेलं न्हाई.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं. लहान दिसत न्हाई ना, मंग मोठं बनवू! डोळ्यांवर इलाज म्हणून विमान वाढवणारा गाढव अख्ख्या मराठवाड्यात मी एकटाच असेन.

मोठं म्हणजे लिबरेटर. दुसरं डोक्यात येतच न्हाई. पुण्याला हवाई दलात पंधरा वर्षं मी पेट्रोलचा टँकर चालवला तो ह्याच बॉम्बरच्या पोटाखाली. चार इंजिनं, दोन शेपट्या, पोट डुकरासारखं लोंबतं. दिसायला कुरूप, पण उडताना बघावं! मॉडेलं करायची ही खोड तिथंच लागली. छंदाच्या क्लबातल्या साहेबांनी बदली होताना आपला रेडिओ सेट मला देऊन टाकला. "साहेबराव, तू हे सोडणार नाहीस," म्हणाले. न्हाई सोडलं.

माझ्याकडं इंजिनं दोनच आहेत. आतली दोन खरी, बाहेरची दोन खोटी – लाकडाची. कुणाला कळणार आहे?

पंख टोकापासून टोकापर्यंत नऊ फूट.

२ डिसेंबर

बाल्सा लाकूड इकडं कुठं मिळतं? पांगारा कापून आणला. हलका आहे, पण ओला. ती कसर भरून काढायला सांगाडा बांबूच्या कामट्यांचा केला. दिवाणखाना कसला, आमची एकच खोली – पंख आडवा ठेवला की दार लागत न्हाई. बेबीनंदा वाकून आत येते, वाकून बाहेर जाते. "पाहुण्यांना काय सांगू? घरात बाँबर हाय, वाकून या म्हणून?"

१३ डिसेंबर, गुरुवार

एरंडेल आणायला जालन्याला गेल्तो. इंजिनाच्या तेलात ते लागतं – मिथेनॉलमध्ये चौथा हिस्सा. चार बाटल्या मागितल्या. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "घरात सगळ्यांचंच पोट धरलं का?"

म्हणलं, दोन इंजिनांचं धरलंय. त्याला वाटलं मी पिऊन आलोय.

३ जानेवारी १९७४, गुरुवार

पंखावर चढवायला रेशीम पाहिजे. कागद इतक्या मोठ्या पंखावर टिकत न्हाई. बेबीनंदानं न मागता आपली पिवळी रेशमी साडी पेटीतून काढली. काठ उसवून बाजूला ठेवला. म्हणाली, "मला तर कधी ईमानात बसवलं न्हाई. माझं लुगडं तरी जाऊ द्या वर."

मी म्हणालो, पिवळं बरंच आहे, आभाळात चांगलं दिसेल. ती म्हणाली, "सगळ्यांना दिसंल." मी मान खाली घालून खळ लावत बसलो.

दोघांनी मिळून चढवलं. तिचे टाके माझ्यापेक्षा सरळ. वरून डोपचे, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या रोगणाचे तीन हात. वासानं दोघांचं डोकं धरलं, पण कापड असं ताणलं की टिचकी मारली तर डफासारखं वाजतं!

१९ जानेवारी

डेपोत नोटीस लागली. १८ फेब्रुवारीला ड्रायव्हर लोकांची डोळ्यांची तपासणी.

भ्यायचं कारण न्हाई. तक्ता दरवर्षी तोच असतो. मागच्या खेपेला बाकड्यावर बसल्या बसल्या पाठ केलाय. डावीकडून, उजवीकडून, कसाही विचारा.

हे लिहिलं आणि माझीच लाज वाटली. खोडत न्हाई, राहू दे.

६ फेब्रुवारी

तयार! वजन नऊ किलो. आज तोल पाहिला. हे काम सगळ्यात नाजूक – पंखाखाली खूण केलेल्या जागी एकेक बोट लावून उचलायचं. एका बाजूला मी, एका बाजूला बेबीनंदा. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे, बस. शेपूट जड झालं की विमान नाक वर करतं आणि मंग कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई. नाकात शिसं घालत घालत बराबर आणलं. दाण्याचाही फरक न्हाई.

उद्या उडवायचं. भुजंगनं पडीतले दगड वेचून ठेवलेत. विचारत होता, "बाँब टाकतंय का? माझ्या भावकीचं रान बाजूलाच हाय!"

७ फेब्रुवारी, गुरुवार

संपलं.

धावलं छान. पन्नास पावलांत उचललं. कचरू आणि भुजंग टाळ्या पिटून राह्यले होते. मंग नाक वर. मी काडी पुढं दाबली. नाक अजून वर! पुरती काडी दाबली. उभंच राह्यलं आभाळात, क्षणभर थांबलं, आणि कलंडून खाली आलं. नाक चेंदामेंदा, डावा पंख दोन तुकडे.

उलटं दिसलं मला. दुसरं काय? खाली दाबायचं ते वर दाबलं असेल. नऊ फुटांचं विमान मला दिसत न्हाई, मंग बैलगाडी कशी दिसेल? माणूस कसं दिसेल?

आज पहिल्यांदा वाटलं, उद्या ड्युटीवर जाऊ नये.

८ फेब्रुवारी

ड्युटीवर गेलो. परत आलो.

तुकडे वेगळे करताना शेपटीच्या टोकाला – मागच्या बंदूकवाल्याची ती छोटी खोली असते ना, त्यात – हात घातला. आत लाल फडक्यात बांधलेली घोड्याची नाल! आख्खी, लोखंडी. आणि एक सुकलेलं लिंबू.

तसाच कचरूच्या घरी गेलो. त्यानं लपवलं न्हाई. काल सकाळी, मी भुजंगबरोबर वाऱ्याचा अंदाज घ्यायला गेल्तो तेव्हा ठेवली. "ट्रकला नाल असती, रिक्षाला असती, आपल्या एस.टी.ला बी मी बंपरच्या आत बांधलीय. एवढी मोठी गाडी न तिला नाल न्हाई? नजर लागंल न्! पुढं नाकात शिसं, जागा नव्हती. म्हणलं मागं बांधू. शेपटीला कोण बघतं?"

शेपटीला! नऊ किलोच्या विमानात पाव किलो लोखंड, ते पण टोकाला! देवसुद्धा उडवू शकला नसता!

मी त्याला मिठी मारली. तो घाबरला. घरी येऊन मी हसून हसून लोळलो. बेबीनंदा म्हणाली, "ईमान मोडलं न् येवढे खुश कामून व्हून राह्यले?"

डोळे ठीक आहेत! नाल होती, नाल! मी काडी बराबर दाबली होती!

आज चार भाकरी खाल्ल्या.

१८ फेब्रुवारी, सोमवार

तपासणी. पास! डॉक्टर नवीन, तक्ता जुना. शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवली. "उत्तम," म्हणाले आणि शिक्का मारला.

पाठ होती म्हणून काय झालं? दिसलीही असतीच. जरा नीट बघितलं असतं तर.

२६ फेब्रुवारी

नाक नवं केलं, पंख सांधला. साडीचा काठसुद्धा लागला शेवटी, ठिगळाला. बोटांवर तोल पुन्हा घेतला. ह्या खेपेला शेपटीत, पोटात, सगळीकडं हात घालून पाहिला. कचरू शपथ घेऊन राह्यला – "काही न्हाई ठेवलं ओ ड्रायव्हरसाहेब, बिलकुल न्हाई!"

२८ फेब्रुवारी, गुरुवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

बेबीनंदा आज पहिल्यांदा रानात आली. कचरू न्हाई, त्याची ड्युटी होती. भुजंग पलीकडं कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून राह्यला होता.

काय उडालं! आयुष्यात असं उडालं न्हाई. जड, संथ, दोन्ही इंजिनं एका सुरात. डोक्यावरून गेलं तेव्हा पिवळ्या रेशमातून ऊन खाली आलं, आत कामट्या दिसल्या. बेबीनंदा तोंडावर पदर धरून बघत होती. मला रडू येईल असं वाटलं. एक फेरी, दोन, तीन.

मंग तेल संपलं, इंजिनं बंद पडली. काळजी न्हाई, उंची भरपूर होती. एकदा खाली हातातल्या डब्याकडं बघितलं, पुन्हा वर बघितलं. तरंगत होतं. आवाज न्हाई, काही न्हाई. अलगद डावीकडं वळलं. मी काडीला बोटसुद्धा लावलं नव्हतं! म्हणलं, वा रे पठ्ठे, किती छान तोल साधलाय, आपोआप वळून राह्यलं. पुन्हा वळलं. मी बघतच राह्यलो, खुशीत.

बेबीनंदानं दंड धरला.

"आवं, तिकडं काय बघून राह्यले? ती घार हाय."

मी म्हणालो, कुठली घार?

"तुम्ही बघून राह्यले ती! ईमान कवाच खाली आलं. ते काय, पऱ्हाट्यांत."

वळून बघितलं. दोनशे पावलांवर भुजंग हात हलवून बोलवत होता. विमान त्याच्या पायाशी, पऱ्हाट्यांच्या ढिगावर सुखरूप टेकलेलं. एक ओरखडा न्हाई. आपलं आपण उतरलं. मला त्याची गरजच नव्हती.

आणि मी आभाळात घार चालवत होतो.

बेबीनंदानं माझ्या हातातला डबा काढून घेतला. मंग विचारलं, "कवापासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"माझी माय दर मंगळवारी बसती तुमच्या गाडीत," एवढंच म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

१ मार्च, शुक्रवार

दिलं. सकाळी ड्युटी घ्यायच्या आधीच रांग लावून खोलीत गेलो आणि कागद डेपोच्या साहेबांपुढं ठेवला. लांबचं दिसत नाही. तक्ता पाठ करून पास झालो. आजपासून स्टेअरिंग हातात घेणार नाही. खाली सही – साहेबराव.

मला वाटलं नोकरीच जाईल. साहेबांनी दोनदा वाचलं. शिव्या दिल्या – चांगल्या मोजून, मी ऐकून घेतल्या. मंग म्हणाले, टायरच्या खात्यात माणूस पाहिजेच आहे, आणि औरंगाबादला डोळ्यांच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. वर म्हणाले, "मोतीबिंदू असेल. काढतात तो. एवढ्यासाठी माणसं मारणार होतास?"

बाहेर आलो तेव्हा माझी गाडी दुसऱ्याच्या हातात फाटकातून निघत होती. वाईट वाटायला पाहिजे होतं. न्हाई वाटलं. हलकं वाटलं! इतकं हलकं की मी स्टँडवर उभ्या उभ्या दोन कप चहा प्यायलो आणि कोण येतं, कोण जातं, नुसता बघत राह्यलो. आता समोर कोण आलं तरी मी त्याला मारणार न्हाई.

संध्याकाळी बेबीनंदानं गोड केलं. कारण न्हाई सांगितलं.

२ मार्च

कचरू आल्ता. चहा घेईना, बसेना. खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. डेपोच्या साहेबांना अर्ज, त्याच्या अक्षरात – आमच्या ड्रायव्हरला दिसत नाही, त्यांना गाडी देऊ नये. पोळ्यापासून खिशात बाळगून राह्यला होता. घड्यांवर फाटलेला. वर तारीख लिहिलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली, पुन्हा खोडलेली. मी मोजल्या – अकरा.

बारावी कालची होती. ती खोडलेली नव्हती. "तुम्ही आत गेले तवा," कचरू म्हणाला, "मी मागं रांगेत व्हतो."