नवव्या प्रकरणातला हुंदका

४ नोव्हेंबर, सोमवार
धाकटीचा भाग तिला दिला! त्या सुंदरीला! चौदा वर्षं मी या स्टुडिओत ऐकायची पुस्तकं वाचतेय, आणि परवा आलेली पोर नायिका!

जुनी प्रेमकथा आहे. दोघी चुलतबहिणी, डॉक्टर एकच. थोरली देखणी आणि जळकी, धाकटी दिसायला साधारण पण मनाने सुंदर. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, तुमच्या आवाजाला धार आहे. थोरली तुम्हीच." म्हणजे रूप नाही ते नाहीच, वर आतलं सौंदर्यही तिलाच! घरी येऊन आरशात पाहिलं. नाक तेच, धारही तीच.

५ नोव्हेंबर
आईला फोनवर सांगितलं. "अगं, ऐकणाऱ्याला कुठे तोंड दिसतं?" तेच तर म्हणतेय मी!

७ नोव्हेंबर
सुंदरी डबा घेऊन शेजारी येऊन बसली. "ताई, तुम्ही श्वास कुठे घेता? कळतच नाही." म्हटलं, नाकाने. ती खळखळून हसली. मला हसू येत होतं. दाबलं.

११ नोव्हेंबर, सोमवार
नववं प्रकरण. ती काचेपलीकडच्या खोलीत, मी अलीकडच्या. तिचं एक वाक्य सहा वेळा फसलं! दिग्दर्शक फोन घ्यायला बाहेर गेले. मी वैतागून हेडफोन काढला आणि स्वतःशीच म्हटलं— "चेहऱ्यावर काम मिळवलंय. आत नुसता रिकामा डबा!" काय बरं वाटलं!

दिग्दर्शक परत आले आणि सातव्या वेळी ती अशी रडली की ते खुर्चीतून उठलेच. "काय हुंदका आहे!" मला कोणी विचारलंही नाही. जळते मी. लिहूनच ठेवते— जळते! कुणाच्या बापाला घाबरते काय?

१३ नोव्हेंबर
शेवटचं प्रकरण चाळलं. थोरली धाकटीची माफी मागते— तीही पाय धरून! जळणाऱ्या बाईला पश्चात्ताप व्हायलाच हवा, हे लेखकाला कुणी सांगितलं? मी नाही विरघळणार. छापलंय तसं वाचेन, कोरडं ठणठणीत. दिग्दर्शकांना तसं तोंडावर सांगितलं. "बघू," म्हणाले.

१४ नोव्हेंबर
रेकॉर्डिंगवाल्या काकांनी हाक मारली. "बाई, हे एकदा ऐका." नवव्या प्रकरणाचं कच्चं रेकॉर्डिंग. दोन वाचनांच्या मध्ये काका यंत्र कधीच बंद करत नाहीत. नंतर तुकडे जोडायच्या जोडकामाला श्वास लागतात, शांतता लागते. चौदा वर्षं मला हे माहीत आहे!

आधी माझा आवाज— रिकामा डबा. मग कितीतरी वेळ नुसता तिचा श्वास, अडखळत. मग ते वाक्य, आणि तो हुंदका. हेडफोन मी काढला होता. तिने नाही.

काकांनीच सांगितलं, सोमवारी संध्याकाळी ती त्यांना म्हणाली होती, "दिग्दर्शक साहेब जोडकामाला बसायच्या आत ताईंचं बोलणं कापून टाका. माझं रडणं राहू द्या."

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
दहा वाजता माफीचा प्रसंग. काकांना सांगितलंय, मध्ये काच नको, आम्हाला एकाच खोलीत बसवा. आणि आधी पाच मिनिटं यंत्र बंद ठेवा.