माणशी एक पिशवी

बर्गन, १२ मे

प्रिय गुन्वोरताईस,

धाकट्या टुरिडचा वाकून नमस्कार. (वाकता येतंय, म्हणजे कंबर बरी आहे हे तू ओळखलंस.) तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे पाऊस आहे. हे लिहायची खरं तर गरज नव्हती.

तुझं पत्र पोचलं. सत्तरावा वाढदिवस आला की परगावी जाऊन लपायचं, ही आपल्याकडची रीत तू पाळणार, त्यासाठी लिस्बन बघायला जाणार आणि मलाही नेणार. पण विमानात खुर्चीखाली मावेल अशी माणशी एकच पिशवी, नाहीतर एकटी जाईन, असं तू खाली रेघ मारून लिहिलं आहेस. प्रागच्या सहलीची आठवण काढलीस ते बरं केलं नाहीस. माझी ती जड पेटी मी जिन्यावरून सोडली नव्हती, ती आपली आपण निघाली. असो. मला तुझ्याबरोबर यायचंच आहे, ताई. दोन वर्षं आपण नुसत्या फोनवर भांडतोय, त्यात काही मजा नाही.

म्हणून मी शेजारच्या ओड्वारला बोलावलं. (तोच, हिवाळ्यात माझ्याही दारातला बर्फ उपसतो तो.) त्याने तीस वर्षं विमानतळावर लोकांच्या पिशव्या तपासल्या. त्याने माझ्या स्वयंपाकघरात इस्त्रीचं टेबल मांडलं, जुनी टोपी चढवली आणि मला म्हणाला, "चला बाई, बूट काढा." (घरात आपण बूट घालतो का कधी? तरी त्याने माझ्या मोज्यांकडे संशयाने पाहिलं.)

माझ्या पिशवीतून पहिलं निघालं तपकिरी चीज. "मऊ आहे. मऊ ते द्रवात धरतात. जप्त!" मग चीजचे काप काढायची किसणी. "हे पातं. जप्त!" आणि त्या जप्त किसणीने जप्त चीजचा काप काढून त्याने तोंडात टाकला. सरकारी कामकाज एवढ्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर लोकरीचे आतले कपडे, तीन जोड.

"अगं, जूनमध्ये? लिस्बनला?"

"तिथलं ऊन मी पाहिलंय का? ऐकीव माहितीवर लोकर कशी सोडू?"

सगळ्यात शेवटी वाढदिवसाच्या वॉफलचा साचा निघाला, आईचा, बिडाचा, बदामाच्या आकाराचा. (हे वाक्य तू वाचलंच नाहीस असं समज. तू वाढदिवसापासून पळतेस, मी तुझ्या मागून साचा घेऊन पळते.) ओड्वारने तो दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाला, "टुरिड, हा घेऊन विमान वर जाईल, पण कुरकुरत."

मग मला कुतूहल वाटलं, की दुसऱ्यांच्या पिशव्या तीस वर्षं उपसणारा माणूस स्वतः काय नेतो? मी त्याला त्याची पिशवी आणायला लावली. दोन शर्ट, दात घासायचा ब्रश, एक कंगवा. निम्मी पिशवी रिकामी! तुझी शपथ, मला राहवेना. मी विचारलं, "या जागेत काय भरतोस?"

"काही नाही. इंगर होती तेव्हा तिचं सामान असायचं. मोकळी ठेवायची सवय गेली नाही."

यावर मी दोन ताटल्या काढल्या. (इंगर म्हणजे त्याची गेलेली बायको.) जप्त झालेलं चीज आम्ही दोघांनी मिळून चार संध्याकाळींत संपवलं.

तर आता माझी पिशवी खुर्चीखाली सहज जाते. तू निश्चिंत राहा आणि मला ने.

तुझीच,
टुरिड

ता. क. साचा आणि लोकरीचे दोन जोड माझ्या पिशवीत नाहीत, हे मी शपथेवर सांगते. ते घरातही नाहीत. ओड्वारच्या पिशवीत आहेत. बरोब्बर मावले.

आणखी ता. क. त्याने तिकीट काढलेलं नाही. तू हो म्हटल्याशिवाय काढणार नाही म्हणतो. पण पिशवी दारात ठेवली आहे आणि टपालवाला दिसला की उठून उभा राहतो. ताई, नाही म्हणू नकोस. मला तो बरोबर हवा आहे.

शेवटचा ता. क. तू रेघ मारलेली अट मी पुन्हा वाचली. पिशवी मी वाढवलेली नाही. माणूस वाढवला आहे.