बॉर्डर उघडल्यावरचा पहिला शनिवार

१२ सप्टेंबर २०२१, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण आज आयुष्यात काहीतरी घडलं.

कॅनबेरा आणि सिडनीच्या मराठी मंडळांनी मिळून झूमवर गणपती क्विझ ठेवलं होतं. आईने जबरदस्तीने बसवलं. मला एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही, पण ते महत्त्वाचं नाही. स्कोअर ठेवणारी मुलगी, सावनी, राहणार क्वेकर्स हिल, सिडनी, मला तीनदा म्हणाली, "मिहिर, यू आर ऑन म्यूट." तीनदा! म्यूटवर आणखी चौतीस जण होते. त्यांच्यातल्या एकालाही काही म्हणाली नाही.

अनन्या म्हणते ते चौतीस जण तोंड हलवत नव्हते. अनन्या माझी बहीण, वय अकरा. तिला यातलं काय कळणार.

१४ सप्टेंबर, मंगळवार

लॉकडाऊन अजून महिनाभर वाढला. सिडनीला जायचं नाही, सिडनीने यायचं नाही. आमच्या कॅनबेरातल्या गुंगालिनहून सिडनी गाडीने तीन तास, आणि मधे अख्खं सरकार आडवं. मी जेवताना तसं बोललो तर बाबा म्हणाले, "सरकार तुझ्यासाठी नाही, व्हायरससाठी आडवं आहे." बाबा स्वतः सरकारी नोकर. वेगळं काय बोलणार.

मग विषय यूनीवर, म्हणजे युनिव्हर्सिटीवर गेला. आमच्याकडे कुठलाही विषय चौथ्या वाक्याला यूनीवर जातो. यूनी मी ऑगस्टमध्ये सोडली. ट्यूटर म्हणाला कॅमेरा ऑन कर. मी म्हटलं नाही करत. तो म्हणाला मग क्लास सोड. मी यूनीच सोडली. तत्त्वाचा प्रश्न होता. (खाली पायजमा होता आणि वर काहीच नव्हतं, हा भाग वेगळा.)

संकल्प: रागावर ताबा. आजपासून.

१४ सप्टेंबर, अर्ध्या तासाने

उद्यापासून.

२५ सप्टेंबर, शनिवार

सावनीला मेसेज केला. मंडळाच्या ग्रुपमधून नंबर मिळाला. पाच परिच्छेद. क्विझचं नियोजन, स्कोअर ठेवण्यातली अचूकता, त्यातून दिसणारा स्वभाव, असं सगळं.

संध्याकाळी उत्तर आलं. अंगठा.

पण साधा पिवळा अंगठा नाही. गव्हाळ अंगठा! म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन, स्वतःचा रंग निवडून, वेळ काढून दिलेला. अनन्याला दाखवला. म्हणाली, "इट सेव्ज युअर सेटिंग, यू नो. शी सेंड्स दॅट टू एव्हरीवन." हिला फोन द्यायलाच नको होता.

९ ऑक्टोबर, शनिवार

आज इतिहास घडला. मी लिहिलं, बॉर्डर उघडली की सिडनीला एक चक्कर मारेन म्हणतो. तिने दोन मिनिटांत लिहिलं, "शुअर! ब्रिंग द फॅम! आई माणसांसाठी वेडी झालीये, दीड वर्ष कोणी घरी आलं नाही."

ब्रिंग द फॅम.

एकटा ये म्हणाली असती तर ती मैत्री. घरच्यांना घेऊन ये म्हणाली. मुलाने घरच्यांना घेऊन मुलीच्या घरी जायचं, याला आपल्यात एकच अर्थ आहे. आणि हे तिने स्वतः सुचवलं! मी फक्त वीस वर्षांचा आहे, ती पण. घाई होतेय का? पण मुलीच्या बाजूने आलंय, नाही कसं म्हणणार.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

लॉकडाऊन संपला. सगळं कॅनबेरा केस कापायला रांगेत. मी पण. न्हाव्याशी भांडण. त्याने कल्ला एका बाजूला जास्त घेतला. आता दुसऱ्या बाजूचा मीच घरी घेतला. आता पहिली बाजू लांब वाटते.

सिडनीला जायला एक नोव्हेंबरपासून परवानगी.

२० ऑक्टोबर, बुधवार

बाबांसमोर प्रेझेंटेशन केलं. आठ स्लाइड्स. विषय: "परवडणारी कौटुंबिक सहल, कॅनबेरा ते सिडनी, ट्रेनने, एका दिवसात." कारण उघड आहे. माझ्याकडे पैसे नाहीत (सुपरमार्केटची नोकरी सोडली, मॅनेजर टोमॅटो कसे रचायचे ते मला शिकवत होता), तेव्हा तिकिटं बाबांनीच काढायला हवीत.

बाबा म्हणाले, जायचा एक दिवस, त्यात आठ तास ट्रेनमध्ये, मग सिडनी किती? मी म्हटलं, चार-पाच तास. प्रवास हाच अनुभव असतो. बाबा म्हणाले, मग गाडीने जाऊ, तीन तासांत पोचू. मी पेट्रोल, टोल, पार्किंग आणि बाबांची कंबर या चार मुद्द्यांवर त्यांना निरुत्तर केलं. खरा मुद्दा सांगितला नाही. गाडीने गेलं की बाबा तीन वाजताच "चला, ट्रॅफिक लागेल" करत उठतात. ट्रेनची वेळ बाबांना बदलता येत नाही.

मी म्हटलं, कुटुंबाने एकत्र वेळ घालवायला हवा. बाबा म्हणाले, "नऊ आठवडे दुसरं काय केलं?"

आई म्हणाली, पण सिडनीत जेवायचं कुठे, बाहेर चौघांचं केवढ्याला पडतं. मी सहज बोलल्यासारखं बोललो, ते क्विझवाले क्वेकर्स हिलला राहतात ना, ते बोलावत होते. आई एकदम सरळ बसली. विनीताताई? (सावनीची आई.) त्यांनी बोलावलंय? मग जायलाच हवं.

आईचं काम किती सोपं.

२३ ऑक्टोबर, शनिवार

तिकिटं बुक. शनिवार ६ नोव्हेंबर. परवानगीनंतरचा पहिलाच शनिवार, एक आठवडासुद्धा वाया घालवला नाही. अनन्याचं तिकीट जवळपास फुकट. बाबा खूश, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आईने तारीख ऐकली, फ्रिजवरच्या मंडळाच्या कॅलेंडरकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मिहिर, तू हा दिवस मुद्दाम काढलास?" मी म्हटलं हो. म्हणाली, "मला वाटलं तुला कशाचं काही नसतं." माझ्या केसांवरून हात फिरवला, छोट्या कल्ल्याच्या बाजूने.

आईला कळलंय. आया सगळं ओळखतात.

३१ ऑक्टोबर, रविवार

आई विनीताकाकूंशी फोनवर दीड तास. मी जिन्यात बसून कान लावला. तुकडे ऐकू आले. "आमच्याकडून काही अडचण नाही." "यांना पण आनंदच आहे." "सावनीच्या बाबांना विचारलंत ना, तयार आहेत ना?" "हो हो, सगळं रीतीने करू."

सावनीचे बाबा तयार आहेत!! शैलेंद्रकाका सिव्हिल इंजिनीअर. मी त्यांच्याशी अजून एक शब्द बोललो नाही. पाहूनच पसंत पडलो असेन. झूमवर माझा चौकोन वरच्या ओळीत होता.

संकल्प: रागावर ताबा. जावयाला राग शोभत नाही.

४ नोव्हेंबर, गुरुवार

लक्ष्मीपूजन. सावनीला हॅपी दिवाली. उत्तर: दिवा, फटाका, अंगठा. तीन!

अनन्या विचारते, "व्हॉट आर यू गिव्हिंग मी ऑन सॅटर्डे?" म्हणजे हिला पण माहीत आहे आणि गप्प राहायचे पैसे हवेत. वीस डॉलर कबूल केले. म्हणाली, लास्ट इयर पण वीसच दिले होते. गेल्या वर्षी मी हिला कशाचे दिले असतील? आठवत नाही. वाद घातला नाही. रागावर ताबा.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

आई बॅग भरतेय. करंज्या, चकल्या, दोन डबे पुलाव. इथपर्यंत ठीक. मग मी पाहिलं: चांदीचं ताम्हण. निरांजन. कुंकू. अक्षता. तिची सोन्याची अंगठी. आणि सुपारी.

सुपारी!

मला वाटलं होतं नुसती ओळख होईल. आई थेट सुपारी फोडायला निघाली आहे. अंगठीसकट! आईला म्हटलं, आई, एवढं लगेच? आई म्हणाली, "लगेच काय रे, दोन वर्षं वाट बघतेय मी."

दोन वर्षं! मला सावनी माहीत होऊन दोन महिनेही झाले नाहीत. कुणाकडून ऐकलं हिने?

सावनीसाठी भाषण लिहिलं. फोनमध्ये. चौदा मुद्दे.

६ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी, ट्रेनमध्ये

चौघं मास्क लावून बसलो. मी नवा कुडता घातलाय. बाबा म्हणाले, प्रवासात कुडता? आई म्हणाली, असू द्या, त्याला हौस आहे.

दहा मिनिटांत, क्वीनबियन स्टेशनच्या अलीकडे, बॉर्डर ओलांडली. मी उभा राहिलो. दोन महिने ज्या बॉर्डरने माझा जीव खाल्ला ती हीच. एक गोडाऊन आणि दोन घोडे. बाकी काहीच नाही. बसलो.

सकाळी, गोलबर्नच्या पुढे

पलीकडच्या सीटवरच्या माणसाचा मास्क नाकाखाली होता. मी त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, मेट, मी सँडविच खातोय. मी म्हटलं, मग पटकन खा. बाबांनी मला माफी मागायला लावली. त्याने नो वरीज म्हणून मला अर्धं सँडविच दिलं. अंड्याचं. बरं होतं.

भाषण आता अकरा मुद्दे.

दुपारी, क्वेकर्स हिल. बाथरूममधून

घाईत लिहितोय. बाहेर सगळे मला हाका मारतायत.

साडेबाराला पोचलो. सावनीने दार उघडलं. झूमपेक्षा उंच आहे. "हाय मिहिर, ओह, नाइस कुर्ता!" मी अकराच्या अकरा मुद्दे विसरलो.

आत हॉलमध्ये पाट मांडलेला. भोवती रांगोळी. समोर समई. मनात म्हटलं, म्हणजे जेवणाआधीच. सगळे उभे होते, कोणी बसेना, म्हणून मी पुढे झालो आणि पाटावर बसलो.

मांडी घालून कुडता नीट केला.

मग विनीताकाकू हसून म्हणाल्या, "अरे मिहिर, आधी मामांना बसू दे. मग तुझा नंबर."

मी म्हटलं, कोण मामा?

शैलेंद्रकाकांनी हात वर केला.

आज भाऊबीज आहे. शनिवार, ६ नोव्हेंबर, भाऊबीज. मी कॅलेंडरमध्ये फक्त बॉर्डर बघितली. आईचा भाऊ, माझा नंदूमामा, साताऱ्यात. शैलेंद्रकाकांची बहीण नाशकात. दोन वर्षं विमानं बंद. गेल्या वर्षी आईने आयपॅडला ओवाळलं आणि आयपॅडवर अक्षता टाकल्या. म्हणून दोघींनी फोनवर ठरवलं की आईने शैलेंद्रकाकांना भाऊ मानायचं. रीतीने.

मी उठलो. काका बसले. आईने कुंकू लावलं, अंगठी-सुपारीने ओवाळलं, दिवा फिरवला. काका म्हणाले, "ताई, मी पण दोन वर्षं कोणाकडून ओवाळून घेतलं नाही हो." आई रडायला लागली. काका रडायला लागले. त्यांनी आईला साडी दिली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, पण बाहेर नुसतं कुंपण होतं.

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडलो नाही. आई रडताना इतकी हसत होती की मध्ये ओरडायला जागाच नव्हती.

आणि मग अचानक विचार आला. आईचा भाऊ म्हणजे माझा मामा. सावनी मामाची मुलगी. मामाची मुलगी आपल्याकडे चालते! उलट हक्काने मागतात! म्हणजे आई किती पुढचा विचार

हाका मारतायत. जातो.

दुपारी, परसात

नाही.

अनन्याने मला ओवाळलं, वीस डॉलर घेतले. मी उठणार तेवढ्यात सावनी म्हणाली, "वेट वेट, आता मी. मला भाऊच नाही ना. दरवर्षी मी आमच्या कुत्र्याला ओवाळते."

कुत्रा शेजारीच बसला होता. त्याच्या कपाळावर कुंकू ऑलरेडी होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. आई बघत होती. मी बसलो.

ओवाळणी टाकायला माझ्याकडे काही नव्हतं. बाबांनी मागून पन्नासची नोट माझ्या हातात सरकवली. सगळ्यांनी पाहिलं.

नंतर सावनी परसात आली. म्हणाली, "तुला काहीतरी सांगायचं होतं ना? मेसेजमध्ये म्हणालास, समोरासमोर सांगेन." मी फोन काढला. मुद्दा पहिला वाचला, मनात. मग म्हटलं, करंज्या छान झाल्या आहेत. ती म्हणाली, त्या तुमच्याच आहेत.

मग म्हणाली, "मिहिर, तू हे आईसाठी प्लॅन केलंस ना? ट्रेन, तारीख, सगळं? काकू सगळ्यांना सांगतायत. दॅट्स ऑनेस्टली द स्वीटेस्ट थिंग. मी ज्यांना डेट केलंय ना, त्यांच्यातल्या एकाने पण आईसाठी असं कधी केलं नाही."

ज्यांना. अनेकवचन.

मी म्हटलं, हो. आईसाठीच.

तिने माझ्या खांद्यावर थाप मारली. पाठीवर नाही, खांद्यावर. पण यात काही अर्थ नाही. मला आता कळतं.

संध्याकाळी, ट्रेनमध्ये

गाडी वेळेवर निघाली. बाबांनी एकदाही "चला, उशीर होईल" म्हटलं नाही. उलट अजून बसायला हवं होतं म्हणत होते.

खिडकीची जागा घेतली. लिहायला काही नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

उशिरा उठलो. आईचे सकाळपासून फोन चालू आहेत. साताऱ्याला नंदूमामाला सांगून झालं की मला इथे एक भाऊ मिळाला, तू आता नंबर दोन. नंदूमामा म्हणे, मग साडीचा खर्च वाचला. मग पुण्याला मावशी. मग निम्मं गुंगालिन. प्रत्येकाला शेवटी एकच वाक्य: "आणि हे सगळं आमच्या मिहिरने जमवलं हो. त्याचं त्यानेच. मी काही म्हणालेसुद्धा नव्हते."

शांत डोक्याने विचार केला. तिकिटं मीच सुचवली. तारीख मीच काढली. क्वेकर्स हिलचं नाव मीच काढलं. आईने विचारलं होतं की मुद्दाम का, तेव्हा मी स्पष्ट हो म्हटलं होतं, इथे लिहिलेलंच आहे. म्हणजे नीट पाहिलं तर माझा पहिल्यापासून हाच प्लॅन होता. दोन वर्षं आईला भाऊबीज नव्हती, मुलगा म्हणून ते माझ्या लक्षात आलं, आणि मी ती घडवून आणली. तीही परवडणाऱ्या दरात.

हे अनन्याला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देन व्हाय वर यू क्रायिंग फ्रॉम गोलबर्न टू क्वीनबियन?"

हे-फीवर. परागकणांनी डोळ्यांतून पाणी येतं. नोव्हेंबरात इथे सगळ्यांनाच होतो.