दुपारनंतरची भाकरी

बेडसे, श्रावण १९६८

चिंगीच्या बाबांस,

तुमी लोणावळ्यात दुसरा घरोबा केलात, त्याला दोन वर्सं झाली. चिंगीबी आता नांदायला गेली. तरी मी रोज पयलं तुमचं ताट वाढते, झाकून ठेवते, आन् सांजच्याला तेच गार अन्न खाते.

लेण्यात पावसाळ्यापुरते एक बौद्ध भिक्खू ऱ्हायलेत. म्हटलं, ताट त्यांच्या तरी मुखी लागू दे. डोंगर चढून गेले, तर ते म्हणाले, "बाई, दुपारनंतर आम्ही जेवत नाही. तुम्ही जेवलात?"

मी म्हटलं, "धनी जेवल्याबिगर कशी जेवू?"

"कुठे आहेत ते?"

मी ताटावरचं फडकं नीट केलं.

ते म्हणाले, "आमच्या धम्मात शिकवतात, माया आधी स्वतःवर करावी, मग साऱ्या जगावर. बसा, जेवा."

खांबाला टेकून भाकरी खाल्ली. लय रडले.

चिंगीनं शिकवलेल्या अक्षरांत हे लिवलंय, पर धाडणार न्हाई. आज तव्यावरची पयली भाकरी मीच खाल्ली. तुमचं ताट घासून पालथं घातलंय. कवा आलात तर वाढीन. पर मी जेवलेली असंन.

बयाबाई