व्रत मोड, आई
आई, मी काय सांगतलं अन् तू काय केलं? दादाले दहाच मिनिटं, डोळे उघडे ठेवून श्वासाकडे ध्यान देऊ दे, त्याच्या डोक्याच्या गोळ्या चालूच ठेव. तू तर त्याले देवघरात कोंडून चाळीस दिवसाचं व्रत धरलं. औषधानं व्रत बाटते म्हने.

तुहा गुडघा कसा हाय?

काल दादाचा फोन आला. हळूच म्हने, "माह्या जागी दुसराच कोनी श्वास घेते. उद्या थांबवतो म्हनते."

उद्या म्हंजे आज. अन् आज त्याचा फोनबी लागत नाही.

तू व्रताच्या मौनात फोन उचलत नाहीस, म्हनून कादरभाईच्या हाती चिठ्ठी देतो. ते इथून अकोल्याहून थेट आपल्या जानेफळले येऊन राह्यले.

देवघराची कडी काढ. दादाजवळून हलू नको. मी बुलढाण्याहून डॉक्टरले घेऊन येतो. गाडी लागली, निघालो.

तुहा गोपाल