माझ्या पेटीत माइट नाहीत

१४ डिसेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. विषय: मधमाश्या. इंदूरजवळच्या सिमरोलच्या शिबिरातून काल पेटी आणली, गच्चीवर बसवली. साडू अच्युतनेही एक आणली. त्याची गच्ची थोडी पुढे, इथून दिसते. शिबिरात तो मागच्या बाकावर झोपला होता. त्याच्याकडून फार अपेक्षा नाहीत.

ध्येय एकच. वीस मार्चला नात संहिता वर्षाची होते. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी आमच्या लेकीला, मितालीला बजावलंय. म्हणून वाढदिवसाला तिला पहिलं बोट मधाचं, तेही आजोबाच्या पेटीतलं. मितालीला फोनवर शब्द दिला. ती म्हणाली, बाबा, नक्की ना? मी म्हणालो, लिहून ठेव. ती ठेवणार नाही, म्हणून मीच ठेवतोय.

२१ डिसेंबर
शिबिरातल्या श्रीपाद सरांचा फोन. माइटवर लक्ष ठेवा म्हणाले. माइट म्हणजे बारीक तांबडी गोचीड. माशीला, अळीला चिकटते आणि आतून पोखरते. सगळी पेटी मरते म्हणे. उपाय: पांढऱ्या कार्डशीटला व्हॅसलीन फासून पेटीच्या तळाशी सरकवायचं. वरून पडलेले माइट त्याला चिकटतात. दोन-तीन दिवसांनी मोजायचे.

हो हो म्हटलं. पण गोचीड आणि आमच्याकडे? मी मोहल्ल्याच्या स्वच्छता समितीचा सचिव. ओला-सुका कचरा लोक माझ्या धाकाने वेगळा करतात.

२६ डिसेंबर
शीट बसवलं. संध्याकाळी बघितलं तर त्यावर काय काय: मेणाचा चुरा, तुटके पाय, तांबडे ठिपके. बघवेना. ओल्या फडक्याने पुसून काढलं. यापुढे सकाळ-संध्याकाळ पुसायचं.

२९ डिसेंबर
मोजणी. शीट लख्ख. माइट शून्य. सरांना कळवलं. त्यांनी दोनदा विचारलं, एकही नाही? इतकी स्वच्छता त्यांनी पाहिली नसणार.

अच्युतच्या शीटवर मात्र भरपूर निघाले. पोह्याच्या ठेल्यावर उभा राहून स्वतःच सगळ्यांना सांगत होता. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी त्याला औषधाच्या पट्ट्या दिल्या. मलाही एक पाकीट दिलं, असू द्या म्हणून. माळ्यावर टाकलं.

११ जानेवारी
शारदा गच्ची झाडत होती. म्हणाली, अहो, या माश्या जमिनीवर सरपटतायत, पंख चुरगळलेत. मी सांगितलं, नवीन आहेत, उडायला शिकतायत. तिने एक कागदावर घेतली, चष्मा लावला. म्हणाली, पाठीवर तांबडं काहीतरी बसलंय. पराग, मी म्हणालो. पराग पायाला असतो ना, असं तिचं म्हणणं. शिबिराला कोण गेलं होतं, हे तिला विचारलं. ती झाडू घेऊन खाली गेली.

सरपटणाऱ्या सगळ्या गोळा करून ओल्या कचऱ्यात टाकल्या. गच्ची छान दिसते आता.

२४ जानेवारी
पेटी उघडली. माश्या कमी वाटल्या. बऱ्याच कमी. घाबरलो असं नाही. झाकण लगेच लावलं ते गार वारा आत जाऊ नये म्हणून.

कारणं: थंडी. शिवाय बऱ्याच जणी सरसोंच्या शेतांकडे गेल्या असतील. पट्ट्या टाकाव्यात का? टाकल्या तर अच्युतला दिसणार. तो ठेल्यावर सांगणार. सचिवाच्या घरात गोचीड निघाली, हे समितीत एकदा गेलं की माझ्या शिट्टीवर कोण डबा बाहेर काढेल? पुढच्या रविवारी बघू.

१ फेब्रुवारी
रविवार. बघायचं राहिलं, कारण अच्युत आला. म्हणाला, भिया, एक बार खोलके देख लेते हैं, तुझ्या पेटीचा रंग मला बरोबर नाही वाटत. म्हटलं, पेटी सारखी उघडू नये, माश्यांना टेन्शन येतं. मग म्हणाला, माझ्यातली अळ्यांच्या पोळ्याची एक चौकट देतो, जोर येईल तुझ्या पेटीत. औषध केलेली आहे, साफ आहे. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या घरचं काय काय सोबत येईल सांगता येत नाही.

तो गेल्यावर पेटीपाशी बसलो. आवाज मंदावलाय. रेग्युलेटर एकवर ठेवलेल्या पंख्यासारखा येतो. दुपारी जेवण कमी गेलं.

८ फेब्रुवारी
निर्णय घेतला. औषध नाही, आंघोळ. माश्यांवर पिठीसाखर भुरभुरायची. त्या एकमेकींना चाटून साफ करतात आणि असलं काही अंगावर, तर गळून पडतं. असलं तर. शारदाने करंज्यांसाठी ठेवलेली सगळी साखर वापरली. तिने रिकामा डबा स्वतःच धुऊन ठेवला, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

संध्याकाळी मुंग्या आल्या. मुंग्यांना मी घाण समजत नाही.

२२ फेब्रुवारी
आनंदाच्या भरात लिहायला हात चालत नाहीये! पेटीच्या दारात तोबा गर्दी. आत जायला ढकलाढकली, मारामारी. माश्यासुद्धा कशा काळ्याभोर, चकचकीत. आंघोळीचा गुण. रिकाम्यासारख्या येतात आणि जड होऊन जातात. शिबिरात उलटं सांगितलं होतं, पण शिबिरात सगळंच बरोबर सांगतात असं थोडंच आहे.

मितालीला व्हिडिओ पाठवला. ती म्हणाली, बाबा, मानलं तुम्हाला. सियागंजच्या बाजारात जाऊन काचेच्या बाटल्या आणल्या. लेबल छापायला टाकलं: संहिता मध.

शारदाने विचारलं, या सगळ्या अच्युतच्या गच्चीकडेच का जातात? म्हटलं, तिकडे ऊन चांगलं येतं.

८ मार्च
रंगपंचमी. रंगाचं पाणी नको म्हणून पेटीवर कालपासून प्लास्टिक. दारातली गर्दी एकदम ओसरली आहे. माश्या तृप्त झाल्या असाव्यात. शारदा म्हणते, उघडा आता. मी म्हणतो, मध पिकू द्यावा. भीतीचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

१९ मार्च, संध्याकाळ
मिताली आली. संहिता मला बघून रडली नाही, उलट माझी मिशी धरली. मिताली सगळ्यांना फोनवर सांगत होती, उद्या बाबा सर्वांसमोर मध काढणार.

शारदा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, आधी एकटे जाऊन बघून या, मी कुणाला सांगणार नाही. गेलो. झाकणावर हात ठेवला. खाली आलो. तिला म्हणालो, सरप्राइज राहू दे.

२० मार्च, दुपार
सगळे गच्चीवर. संहिता मितालीच्या कडेवर. झाकण काढलं.

पोळी कोरडी. कडा ओरबाडलेल्या, खाली मेणाचा भुगा. राणी नाही. एका कोपऱ्यात मूठभर माश्या, मेलेल्या. मी बाटल्यांच्या खोक्यावर बसलो.

अच्युतने एक चौकट उचलून बघितली. हळूच म्हणाला, भिया, ये तो लुट गई. कमजोर पेटी दिसली की शेजारच्या माश्या येऊन मध लुटून नेतात. तुझी गर्दी ती हीच. शेजारी पेटी एकच आहे, त्याची. फेब्रुवारीत माझी पेटी अचानक मधाने भरली कशी, तेच मला समजत नव्हतं, असंही म्हणाला आणि मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

भेट म्हणून त्याने मध आणला होता. संहिताने बोट चाटलं, दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. मिताली म्हणाली, बाबा, म्हणजे हा तुमचाच की. मी म्हणालो, तसं पाहिलं तर माझाच. सगळे हसले. मितालीचे डोळे हसत नव्हते.

२५ मार्च
अच्युतचा फोन. त्याच्या शीटवर पुन्हा माइट पडलेत, पहिल्यापेक्षा जास्त. श्रीपाद सर म्हणतात, लुटीच्या मधाबरोबर येतात. अच्युतने विचारलं, भिया, तुझ्या शीटवर शून्य होते ना, खरंच? मी म्हणालो, शून्य. रोज दोनदा पुसत होतो.

तो म्हणाला, पुसत होतास? मी पुढचं काही बोलायच्या आत शारदाने फोन घेतला आणि सरपटणाऱ्या माश्यांपासून सगळं सांगून टाकलं. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, आता माझ्या वाचतील का बघतो. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुपारी पेटी खाली आणली. गरम पाणी, साबण, ब्रश. चौकटी खरवडल्या, फटींमधलं मेण पिनेने काढलं, उन्हाकडे तोंड करून वाळत ठेवली. इतकी स्वच्छ पेटी अख्ख्या इंदूरमध्ये नसेल. मिताली आणि संहिता सकाळीच गेल्या. गच्चीवर बसून आहे. मला करमत नाहीये.