दुसऱ्यासाठी जगणारा अडत्या

३ जून १९७४, सकाळी
बँकेनं फुकट दिलेली डायरी. आजपासून लिवणार. थोडक्यात. फापटपसारा मला खपत न्हाय.
पोरगा शिवशरण आला. जेझुइट फादरांच्या मुंबईच्या कॉलेजात बी.ए. झाला. मी चौथी, पण सोलापुरात माझं अडत दुकान हाय. पोराला गादीवर बसवणार. धंदा शिकायला आठवडा बास.

जेवणानंतर
इचारलं, फादरांनी काय शिकवलं? म्हणाला, अप्पा, नंबर काढणं म्हणजे एक्सलन्स न्हाय. डोकं, मन, हात, सगळा माणूस घडला पायजे. आन तो दुसऱ्यासाठी जगला पायजे.
नंबर न्हाय, मग फी कशाची घेतली?
मी म्हणालो, एवढ्यासाठी मुंबई कशाला? माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, मधी झिजतो अडत्या. पोरगं हसलं. पटलं असणार.
बायको शांतम्मा म्हणाली, झिजताय तर पोट कुटनं वाढलं? हिला लॉजिक न्हाय.

५ जून
रुमाल शिकवला. व्यापारी आन आपण रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा. शेतकरी शेजारी उभा. त्याला काय दिसत न्हाय, त्यामुळं त्याचं ब्लडप्रेशर वाढत न्हाय. पोरानं एका बैठकीत सगळी बोटं पाठ केली. शाबास फादर.
म्हणाला, ज्याचा माल त्यालाच का दाखवत न्हाय? मी म्हणालो, आपरेशन करताना पेशंटला दाखवतात काय?
पोरानं रुमालाची घडी घातली. लई लवकर शिकतो.

७ जून
पोराला एकटं बसवून पान खायला गेलो. आलो तर दुकानापुढं गर्दी.
केम गावचा शेतकरी रावजी ज्वारी घिऊन आलेला. व्यापारी सिद्धलिंगप्पानं रुमालाखाली एकेक बोट दाबलं, आन आमच्या पोरानं एकेक बोट मोठ्यानं वाचलं. सिद्धलिंगप्पा म्हणत होता, अरे हळू, हळू. पोरगं म्हणालं, मामा, रावजी जरा लांब उभे हायत.
रावजी मला म्हणाला, मालक, मागल्या खेपंला तुमी भाव लई कमी सांगितला हुता की. मी म्हणालो, मागल्या खेपंला थंडी होती, बोटं आखडलेली. सगळे हसले. वेळ मारून नेली.
घरी पोराला इचारलं, ही अक्कल फादरांनी दिली? व्हय म्हणाला. उलट बोलत न्हाय, हे बरं.

८ जून
फादरांना ट्रंककॉल लावला. सांगितलं, पोरगं बिघडून आलंय, रिपेर करून द्या. म्हणाले, काय केलं त्यानं? सगळं सांगितलं. फादर लई येळ हसले. मग म्हणाले, सिद्रामप्पा, अभिनंदन.
गॅरंटी कसली ती न्हायच.

१० जून
आज कडक झालो. म्हणालो, उद्या गादीवर बस आन तोंड बंद ठेव, न्हायतर गादी इसर. रात्रभर इचार करील, घाबरंल, असा हिशेब.
पोरानं तितंच पाया पडून सांगितलं, गादी नको. शांतम्मा म्हणाली, साकु, बास झालं, अडवू नका. दोघंबी घाबरलेत.

१७ जून
बाजार समितीनं रुमाल बंद करून उघडा लिलाव सुरू केला. सगळ्यांसमोर भाव पुकारायला शिवशरणला ठेवलं. जागा माझ्या दुकानासमोरच. म्हणजे पोरगं बापाच्या नजरंतच राहिलं. माझंच ऐकलं म्हणायचं.

१९ जून
सकाळपासनं गादीवर. रावजी आला. बसा म्हणालो. म्हणाला, नगं मालक, धाकट्या मालकांकडं चाललोय. सिद्धलिंगप्पाबी तिकडंच. पोराचा आवाज चांगला हाय, हितपातूर येतो. भावबी चांगला फुटत होता.
मी रुमाल पसरला, सवयीनं खाली हात घातला. कोण आलं न्हाय.
 मग दुसराबी हात घातला आन माझीच बोटं दाबून बघितली. सौदा काय जमला न्हाय.